कंदिलाची लाल काच

नगर, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

सुनील,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. तो कागद फाडला. सेहेचाळीस वर्षांनी एकदम प्रिय लिहायला हात धजेना. अक्षर ओळखलंस का? सातवीत तुझ्या शेजारी बसून तुझ्या वहीतली गणितं उतरवून घेणारा सहादेव. ठसेवाल्याचा सहाद्या.

तुझा पत्ता श्रीगोंद्याहून आलेल्या एका ऊसवाल्याने दिला. फोन नंबरही दिला होता. तीनदा लावला आणि तू ‘हॅलो’ म्हणालास की ठेवून दिला. म्हणजे तो मीच. उगाच बँकवाल्यांना शिव्या घालू नकोस.

आता कामाचं. पारनेरकडच्या आपल्या गावातल्या तुमच्या देवळाला यंदा दीडशे वर्षं होतायत. (इथं शहरात चर्च म्हणतात, मला अजून देऊळच येतं तोंडात.) पाच एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी सोहळा आहे. मंडळीतल्या प्रत्येक घराला एक चांदीचं नाणं द्यायचं ठरलंय, दीडशे नाणी. ते काम माझ्याकडं आलं. देवळाचे नवे पाळकसाहेब स्वतः जिना चढून कारखान्यात आले, मोबाईलवर फोटो दाखवले. एका बाजूला देवळाचा दर्शनी भाग, तीन कमानी आणि घंटेचा मनोरा. दुसऱ्या बाजूला ती रंगीत काचांची खिडकी, रंगांसकट. कमानी कोरून झाल्या. आम्हा ठसेवाल्यांना सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते नाण्यावर सुलटं उमटतं. जन्मभर उलटं करत आल्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. रंग भरायला शेजारच्या खोलीत हुमेरा बसते, आमच्या जुन्या कारागिराची, कमरुद्दीनचाचांची सून. मीना भरण्यात, म्हणजे काचेचा रंग भट्टीत भाजून चांदीवर बसवण्यात, तिचा हात धरणारं नगरात कुणी नाही.

तर विचारायचं हे की, त्या खिडकीतल्या मेंढपाळाच्या हातात कंदील आहे ना, त्याच्या काचेच्या जागी आता पत्र्याचा तुकडा ठोकलाय. पाळकसाहेबांना मूळचा रंग माहीत नाही. कमिटी म्हणते, नाण्यावर कंदील पेटलेला दाखवा. तुझे वडील, भिमाजीकाका, त्या देवळाची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, तू त्या खिडकीखाली वाढलास. काच लालच होती ना? एवढंच विचारायला पत्र.

एक गंमत सांगतो. गेल्या बुधवारी, चार तारखेला, बरोबर अकराच्या ठोक्याला कंदील कोरायला घेतला आणि डाव्या तळहातावर लाल उजेडाचा ठिपका पडला. अंगठ्याच्या नखाएवढा. वाटलं, कुठून तरी ऊन परतून आलं असेल. पण माझी खिडकी उत्तरेकडची आहे, समोर तीन मजली भिंत. तिथून ऊन येत नाही. पाचेक मिनिटं राहिला आणि गेला. त्यानंतर रोज अकराला येतो. माझी बायको म्हणते, चष्म्याचा नंबर बघून घ्या.

भिमाजीकाकांना माझा सलाम सांग.

सहादेव

&nbsp;

नगर, शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुनील,

उत्तर नाही. हरकत नाही, ऊसतोडीचे दिवस आहेत, तुझ्या साखर कारखान्यात गडबड असेल. की रिटायर झालास?

काच लाल होती हे मला माहीतच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो झालं.

काम अडलंय. मेंढपाळाचा झगा लाल आहे, तिथं लाल मीना सुरेख बसला. आभाळाचा निळा बसला, कुरणाचा हिरवा बसला. कंदिलाच्या घरात, म्हणजे त्याच्या कोरलेल्या खळग्यात, मात्र लाल टिकत नाही. पहिल्यांदा भट्टीतून काळा होऊन निघाला. दुसऱ्यांदा फुगून उडाला. चांदीवर लाल हा सगळ्यात नाठाळ रंग, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून आधी काही वाटलं नाही. पण झगा आणि कंदील यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढंही अंतर नाही. एकाच डबीतला रंग, एकच भट्टी. अकरा नाणी झाली, अकराही कंदील विझलेले.

हुमेरा काल म्हणाली, “काका, ह्या एका घरात काय हाय ते मला कळंना. रंग आत बसतो आन् भट्टीत गेला की कुनी काडून घेतल्यासारका नाहीसा व्हतो.”

मी म्हटलं, “चांदीत भेसळ असेल.”

“मग झगा कसा बसला?” तिनं विचारलं.

त्या ठिपक्याचं सांगतो. मी हात सरकवला की तो हातासोबत सरकतो. मूठ मिटली की बोटांवर येतो. हात पाठीमागं घेतला तर मेजावर माझी वाट बघत थांबतो. खिडकी लावून, वर पोतं टांगून पाहिलं. अंधाऱ्या खोलीत तो जास्तच लाल दिसला. मंगळवारी दिवसभर आभाळ होतं, तरीही अकराला आला. आणि आज हुमेरा चहा घेऊन आत आली ती एकदम ओरडली, “काका, हात कापला की काय?” म्हणजे तिलाही दिसतो. माझा चष्मा बरा आहे.

पाळकसाहेबांनी नाणी द्यायच्या घरांची यादी पाठवलीय. देवळाची सेवा केलेली सगळी जुनी घराणी आहेत. तुझ्या वडिलांचं नाव नाही. एकोणऐंशीच्या नाताळात ती काच नाहीशी झाली तेव्हा गावानं उगाच काकांच्या माथी मारलं. मी तेव्हा तापानं पडलो होतो, मला नीटसं काही कळलंही नाही. नाहीतर काही बोललो असतो.

काका कसे आहेत तेवढं तरी कळव.

सहादेव

&nbsp;

नगर, रविवार, ८ मार्च

सुनील,

तापाचं खोटं लिहिलं. मला ताप नव्हता. काच मी काढली.

लिहून टाकलं. आता बसून वाचतोय, माझ्याच अक्षरात आहे आणि तरी दुसऱ्या कुणाचं वाटतंय.

तुला आठवतं, अकराच्या सुमाराला त्या कंदिलातून लाल ठिपका देवळाच्या फरशीवर उतरायचा. आपण दोघं हात पसरून त्याच्या मागं पळायचो. काका झाडू टेकून हसायचे. म्हणायचे, “धरा रं, धरा. हातात येतुया, पर मुठीत न्हाई यायचा.” तुला ते पटायचं. तू ठिपका सोडून विट्टी-दांडू खेळायला पळायचास. मला मात्र तो मुठीत पाहिजे होता. आमच्या घरी सगळं लोखंड आणि काजळी. एवढा लाल रंग मी कुठंच पाहिला नव्हता.

नाताळच्या आधी काका आतून चुना देत होते. शिडी खिडकीलाच लावलेली. दुपारी जेवायला निघाले आणि दाराला कुलूप घालायला लागले. मी म्हटलं, “काका, कशाला कुलूप? मी बसतो की राखण.” ते म्हणाले, “बस मंग. तू हायेस म्हनल्यावर कशाचा घोर?” आणि चावी कमरेला खोचून गेले.

माझ्या खिशात वडिलांची कोरणी होती, धार लावून आणायला दिलेली. शिडी चढलो, शिशाची पट्टी कोरणीनं वाकवली. काच इतक्या सहज हातात आली की जणू ती वाटच बघत होती. घरी जाऊन मूठ उघडली तर काच काळी. कोळशाच्या तुकड्यासारखी काळी. उजेडाशिवाय लाल नसतं, हे बारा वर्षांच्या पोराला कोण सांगणार? त्याच घटकेला परत करावीशी वाटली होती. पण तोवर काका परत आले होते आणि देवळात आरडाओरडा सुरू झाला होता.

कमिटी बसली. सगळ्यांचं बोट काकांकडं, कारण चावी त्यांच्याकडं. विलायतेची काच, कुठंतरी विकली असणार म्हणाले. मी दाराशी उभा होतो. काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, “दार मी उघडं टाकलं. चूक माजी हाय.” माझं नाव घेतलं नाही. त्यांना कळलं नसेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. घंटेचं काम गेलं, देवळाच्या आवारातली खोली गेली. जानेवारीत तुम्ही गाव सोडलंत. बैलगाडीच्या मागच्या बाजूला तू बसला होतास, मांडीवर कोंबडी. मी हात वर केला. तू केला नाहीस. तेव्हा काच माझ्या खिशात होती.

अजून आहे. कोरण्या ठेवायच्या डब्यात, मेणात रुतवून. वडील गेल्यावर कारखाना नगरला हलवला, लग्न झालं, लेक निकिता झाली, तिचंही लग्न झालं. डबा कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. काकांचा चेहरा दिसला की कामात डोकं घालायचं, एवढंच मी शिकलो. मला माझी लाज वाटते, सुनील. साध्या शब्दांत सांगायचं तर तेवढंच.

सहादेव

&nbsp;

नगर, गुरुवार, १९ मार्च

सुनील,

तू पत्रं फाडत असशील तरी हे वाच, कारण यात तुला काहीतरी ठरवायचंय.

सोमवारी हुमेरा म्हणाली, “काका, मीना म्हंजे तरी काय? काचेचीच भुकटी. जुन्या काळातली अस्सल लाल काच कुटं मिळाली तर खलून बघू. त्या लालमदी सोनं घालत म्हने.” तिला काही माहीत नव्हतं. सहज बोलली बिचारी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं, हिला डबा दिसला की काय.

मंगळवारी मी काचेचा एक कोपरा चिमट्यानं तोडला. तांदळाच्या कणीएवढा. स्वतःच खलला, धुतला, कंदिलाच्या घरात भरून तिच्याकडं दिला. कुठून आणली विचारलं तर म्हटलं, जुन्या बाजारातून. आमच्या शास्त्राप्रमाणं अशी परकी काच चांदीवर धरत नाही, थंड होताना तडकते. ती तडकली नाही. हुमेरानं नाणं भट्टीतून काढलं आणि ते काळ्याचं लाल होत गेलं तसा तिच्या तोंडावर उजेड आला. “काका, पेटला!” म्हणाली. कौतुकानं ते नाणं ओढणीच्या टोकात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराला ठिपका तळहातावर आला. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. बरोबर तांदळाच्या कणीएवढा.

मी काच डब्यातून काढून शेजारी धरली. दोन्हींचा आकार तंतोतंत एक. मग मला कळलं की हे ऊन नाही आणि भासही नाही. मी चोरलेलीच वस्तू आहे ती, आणि ती रोज एकदा माझ्या हातात येऊन बघून जाते.

आता ऐक. उरलेली काच खलली तर दीडशे कंदील भरायला पुरेल. मी मोजमाप काढलंय. सोहळा झोकात होईल, घराघरात पेटलेला कंदील जाईल. काच राहणार नाही, म्हणजे ठिपकाही राहणार नाही. चोरीचा मागमूस उरणार नाही. पुराव्यालाच रंग करून वाटून टाकायचं, आणि तेही देवाच्या दारात. इतकी सोपी वाट मला कुणी दाखवली असती तर त्याच्या पायाच पडलो असतो.

आणि नाही खलली, तर ती घेऊन गावात जावं लागेल. सगळ्यांसमोर मूठ उघडावी लागेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी नगरच्या सराफात माझं नाव चोर म्हणून जाईल.

पंचवीस तारखेला मला उरलेल्या नाण्यांच्या रंगाचं काम सुरू करायलाच हवं. खल धुवून समोर ठेवलाय. तू काय ते सांग. ‘खल’ म्हण किंवा ‘खलू नको’ म्हण. तू म्हणशील तसं करीन.

सहादेव

&nbsp;

श्रीगोंदा, शनिवार, २१ मार्च

सहादेव,

पत्रं फाडली नाहीत. चारही ठेवली आहेत. फोन ठेवणारा तूच होतास हे मला पहिल्याच वेळी कळलं. न बोलता उभं राहायची सवय तुझी जुनी आहे.

आबा, तुझे भिमाजीकाका, चार फेब्रुवारीला वारले. बुधवारी. सकाळी अकरा वाजता.

तुझं पहिलं पत्र मिळालं तेव्हा आमच्याकडं माणसं भेटायला येत होती. त्यातली तारीख आणि वेळ वाचून मी ते पत्र बायबलात ठेवून दिलं. आठ दिवस मला झोप लागली नाही.

इथं आल्यापासून आमच्या घरात माठाच्या वरच्या भिंतीवर रोज अकराला लाल ठिपका पडायचा. घरात लाल काच नाही, लाल कापड नाही. दोनदा घर बदललं, तो मागं आला. आई घाबरायची. आबा नाही घाबरले. रोज जाऊन त्याच्याखाली हात धरायचे आणि म्हणायचे, “अजून पोराकडंच हाय.” मी विचारायचो, कोण पोरगा? त्यांनी कधी नाव सांगितलं नाही. मला माहीत होतं. शाळेत तुझी सतत मिटलेली मूठ मी पाहिली होती. आबांना म्हटलं, मी जाऊन सांगतो कमिटीला. आबा म्हणाले, “त्याच्या हाताला चटका बसलाय. तो आपनहून यील. तू मदी पडू नगं.” ते वाट बघत राहिले. पुढं डोळे गेले तरी अकराला बरोबर उठून भिंतीपाशी जायचे.

त्या दिवशी उठवत नव्हतं म्हणून मीच भिंतीपाशी नेलं. ठिपका नव्हता, तसं त्यांना सांगितलं. त्यांनी हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, “गेला बग त्याच्याकडं. आता सहाद्या यील.” तुझं नाव त्यांच्या तोंडून तेवढं एकदाच ऐकलं. पाणी मागितलं. मी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तुला माफ केलेलं नाही. आबांनी केलं होतं, ते त्यांच्यापाशी. काच खलू की नको हे मला विचारू नकोस. त्या दुपारी शिडी चढताना विचारलं होतंस का?

सुनील

&nbsp;

नगर, सोमवार, ६ एप्रिल

सुनील,

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. खल उचलून फडताळात ठेवला. हुमेराला सगळं सांगितलं. तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि उरलेल्या नाण्यांचे कंदील तसेच कोरे ठेवून रात्रंदिवस बसून बाकीचे रंग पुरे केले.

शनिवारी पाळकसाहेबांच्या मेजावर काच ठेवली. कमिटीतली माणसं होती, म्हाताऱ्या रतनबाई होत्या. मग शिडीपासून सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. रतनबाई तेवढ्या म्हणाल्या, “मी थुकले हुते भिमाजीच्या दारात. ह्या तोंडानं. आता कुनाला सांगू?” आणि पदरात तोंड घालून रडल्या. पाळकसाहेबांनी यादी मागवली आणि पहिल्या ओळीच्याही वर काकांचं नाव लिहिलं.

काल उपासनेआधी काच बसवायला मीच शिडी चढलो. वर गेलो, पत्रा काढला, शिशाची पट्टी तशीच वाकलेली होती, माझ्याच कोरणीची खूण तिच्यावर. काच बसवताना शिडी हलली. मी डोळे मिटले. मग ती एकदम घट्ट झाली. खाली बघितलं तर शिडी तू धरली होतीस. तुझे केस पांढरे झालेत, पण भोवरा तिथंच आहे. तू वर बघितलं नाहीस. मी उतरलो तोवर तू दोराशी गेला होतास, आणि घंटा वाजायला लागली. काकांसारखीच वाजवतोस, दोन लांब, एक आखूड.

तू शेवटच्या गाण्याआधीच एस.टी.ला निघून गेलास, म्हणून पुढचं लिहितो. पाळकसाहेबांनी सगळी हकीकत मंडळीला सांगितली, माझ्या नावासकट. नाणी वाटली, एकही कंदील पेटलेला नाही. लोकांनी घेतली, कुणी परत केलं नाही. मग अकरा वाजले. ठिपका फरशीवर उतरला, सरकत सरकत मागं गेला आणि घंटेच्या दोराजवळच्या त्या लाकडी स्टुलावर थांबला, जिथं काका बसायचे. स्टूल रिकामं होतं. सगळं देऊळ वळून बघत होतं. सेहेचाळीस वर्षं कंदिलाच्या जागी पत्रा होता, सूर्य तिकडं कलायचीही वेळ नव्हती, तरी तो तिथं गेला. कोपऱ्यात, मी तोडलेल्या कणीच्या जागी, पांढरा उजेड होता.

पाकिटात एक नाणं आहे. तेच एक, हुमेरानं पेटवलेलं. ते काकांच्या घरचं. त्यांच्यापाशी मातीत ठेव किंवा माठाच्या वर ठेव, तुझ्या मनाला येईल तसं कर. माफी मागत नाही. मागायची होती ती त्यांच्याकडं, आणि ते वाट बघत असताना मी इथं कमानी कोरत बसलो होतो.

आज अकराला मेजाशी बसलो. हात पसरून ठेवला होता. लाल आला नाही. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. उठणार एवढ्यात तळहाताच्या मधोमध पांढऱ्या उजेडाची कणी उतरली. तांदळाच्या कणीएवढी. मी हात हलवला, तीही हलली. हुमेरा दारातून बघत होती.

तेवढी माझी आहे, सुनील. मी रोज अकराला हात धरून बसेन.

सहादेव